शिलिंगाची चाकरी : व्हिक्टोरियाकालीन सामान्य सोजिराचे जीवन

ब्रिटिश साम्राज्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास सेनापतींची चरित्रे आणि लढायांची वर्णने यांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, ज्याच्या खांद्यावरच्या बंदुकीच्या बळावर ते साम्राज्य टिकले त्या साध्या शिपायाची आठवण बहुधा मृत आणि जखमी यांच्या आकड्यापुरतीच होते. राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली. या सबंध काळात ब्रिटनच्या खड्या सैन्यासाठी सक्तीची भरती नव्हती, त्यामुळे पलटणीत दाखल झालेला प्रत्येक शिपाई कायद्याच्या दृष्टीने स्वखुशीने आलेला होता. ही खुशी कशातून उपजत होती हे पाहू गेल्यास मात्र बहुतेक ठिकाणी बेकारी, उपासमार किंवा गावातून पळ काढण्याची निकड आढळते. त्याच्या समकालीनांनी त्याला आलटून पालटून कधी वीर तर कधी गुंड ठरवले. त्यापेक्षा त्याच्याकडे एक मजूर म्हणून पाहणे अधिक योग्य होय. रोजमुऱ्यावर राबणारा, पण ज्याला मालक बदलता येत नाही, मजुरी वाढवून मागता येत नाही आणि काम टाकून गेल्यास जो गुन्हेगार ठरतो, असा तो मजूर होता.

या मजुराचे मूळ समाजाच्या सर्वांत खालच्या थरात होते. भरतीच्या नोंदींत शेतमजूर, खाणी-रस्त्यांवरचे बिगारी, यंत्रमागांनी ज्यांचा धंदा बसवला असे हातमागावरचे विणकर, आणि कोणताच ठरीव धंदा नसलेली शहरी पोरे यांचा भरणा दिसतो. हिवाळ्यात शेतीची आणि बांधकामाची कामे थांबली की भरती वाढे आणि व्यापाराला बरे दिवस आले की ती रोडावे. आयर्लंडचा वाटा प्रारंभी फार मोठा होता. १८३० मध्ये सैन्यातील सुमारे ४२ टक्के शिपाई आयरिश होते. पुढे बटाट्याच्या रोगामुळे १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळात आयर्लंडची लोकसंख्या मृत्यू आणि स्थलांतर यांनी घटली, अमेरिकेची वाट खुली झाली, आणि शतकाच्या अखेरीस हे प्रमाण सात-आठ जणांत एक इतके खाली आले. ज्या धर्माला आणि ज्या भूमीला इंग्रजी सत्तेने दडपले होते तेथील कॅथलिक तरुण त्याच सत्तेचा लाल कोट घालून पंजाबात आणि अवधात लढत होते, ही विसंगती त्या काळच्या फारच थोड्या लोकांना टोचली.

प्रतिष्ठित गरिबांच्या घरी सैन्यभरती ही नामुष्की मानली जाई. कारागीर, धर्मनिष्ठ छोटा शेतकरी किंवा गावातला दुकानदार यांच्या मुलाने पलटण धरली तर त्याचे नाव घरात हळू आवाजात घेतले जाई, कारण पलटण म्हणजे दारू, वेश्या आणि फटके असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले होते. लिंकनशायरमधील एका गावात शिंपीकाम आणि टपाल कचेरी सांभाळणाऱ्या गृहस्थाचा मुलगा विल्यम रॉबर्टसन हा १८७७ मध्ये घोडदळात साधा शिपाई म्हणून दाखल झाला, तेव्हा त्याला लाल कोटात पाहण्यापेक्षा मातीत पुरलेले पाहणे पत्करेन अशा अर्थाचे पत्र त्याच्या आईने त्याला धाडले होते. हाच मुलगा पुढे १९२० मध्ये फील्डमार्शल या सर्वोच्च पदाला पोहोचला. शिपायाच्या पायरीपासून त्या पदापर्यंत चढलेला ब्रिटिश सैन्यातील तो एकमेव मनुष्य होय, आणि त्याचा अपवाद वारंवार सांगितला जातो यातच नियम किती कठोर होता ते कळते.

भरतीचे काम भरती-सार्जंट करीत. टोपीला रंगीत फिती लावलेला हा अनुभवी अंमलदार बाजाराच्या दिवशी गुत्त्यात बसून तरुणांना बिअर पाजी आणि परदेशातील वैभवाची वर्णने ऐकवी. ज्याने त्याच्या हातून राणीचा एक शिलिंग स्वीकारला तो नोकरीला राजी झाला असे धरले जाई. नशेत केलेला करार पक्का होऊ नये म्हणून कायद्याने मध्ये एक पायरी ठेवली होती. किमान एक दिवस उलटल्यावर आणि चार दिवसांच्या आत त्या तरुणाला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करून शपथ द्यावी लागे, आणि तोपर्यंत त्याचे मन बदलल्यास वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड, दंड भरून त्याला सुटता येई. ज्याच्या खिशात पौंड होता तो मुळात भरती-सार्जंटच्या बाकावर बसलाच नसता, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसेल असे मानणे कठीण आहे. भरतीच्या वेळी मिळणारे बक्षीस दिसायला मोठे असे, पण त्यातूनच सदरे, बूट, ब्रश, बुटांचे काळे मलम इत्यादी सरंजामाची किंमत वळती होई, आणि उरलेले पहिल्याच आठवड्यात सोबत्यांच्या घशाखाली उतरे. खोटे नाव आणि खोटे वय देण्याची चाल सर्रास होती.

ही चाकरी किती वर्षांची असे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता. १८४७ पूर्वी एकवीस वर्षांचा करार होत असे, आणि अस्वच्छ बराकी व उष्ण देशांतील रोगराई लक्षात घेता बहुतेकांच्या बाबतीत तो जन्माचाच ठरे. त्या वर्षी झालेल्या कायद्याने पायदळासाठी दहा आणि घोडदळ व तोफखान्यासाठी बारा वर्षांची मुदत ठरवली. परंतु निवृत्तिवेतन हवे असल्यास पुन्हा करार करून पायदळात एकवीस वर्षे भरावी लागत, आणि तिशी गाठलेल्या, हाती कोणताही धंदा नसलेल्या माणसाला बाहेर दुसरे काय मिळणार हे उघड असल्याने पुष्कळजण पुन्हा सही किंवा अंगठा करून मोकळे होत. मुदतीपूर्वी सुटण्याचा एक कायदेशीर मार्ग म्हणजे स्वतःची सुटका विकत घेणे. शतकाच्या उत्तरार्धात नव्या शिपायाला पहिल्या तीन महिन्यांत दहा पौंड भरून आणि त्यानंतर अठरा पौंड भरून सुटता येई. दुसरा मार्ग पळून जाण्याचा होता, आणि तो पत्करणाऱ्यांची संख्या दरवर्षी हजारांत असे.

पायदळातील शिपायाचा रोजमुरा १७९७ पासून एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, इतका होता आणि व्हिक्टोरियाच्या जवळजवळ सबंध कारकिर्दीत तो आकडा जागचा हलला नाही. आठवड्याचे सात शिलिंग होतात. जेम्स केर्ड या शेतीतज्ज्ञाने १८५०-५१ मध्ये इंग्लंडभर फिरून केलेल्या पाहणीत उत्तरेकडील शेतमजुराची आठवड्याची मजुरी सरासरी साडेअकरा शिलिंग आणि दक्षिणेकडील मजुराची सुमारे साडेआठ शिलिंग भरली होती. म्हणजे ज्या वर्गाचे दारिद्र्य कुप्रसिद्ध होते त्या दक्षिणेतील शेतमजुराहूनही शिपायाची नाममात्र मजुरी कमी होती. शिपायाला छप्पर, लाल कोट आणि वैद्य फुकट मिळत हे खरे, पण अन्नाचे पैसे त्याच्याच शिलिंगातून कापले जात. ठरीव शिधा म्हणजे रोजचा एक पौंड पाव आणि हाडाचरबीसकट पाऊण पौंड मांस. भाजी, चहा, साखर, मीठ यांचा सामाईक खर्च त्यावर वेगळा, कपडे धुण्याचे वेगळे, केस कापण्याचे वेगळे, फाटलेल्या सदऱ्याचे व झिजलेल्या बुटांचे वेगळे. आणि बराकीतली काच फुटली किंवा पलंगाची पट्टी मोडली तर गुन्हेगार न सापडल्यास ती भरपाई सगळ्या खोलीच्या पगारातून होई. निम्म्याहून अधिक शिलिंग असा परभारेच गळून जाई. काहींच्या हाती महिनाअखेर काहीच पडत नसे, म्हणून अखेर १८४७ मध्ये असा दंडक घालावा लागला की कितीही कपात झाली तरी दिवसाला किमान एक पेनी शिपायाच्या हाती दिलीच पाहिजे. एका महासत्तेला आपल्या सैनिकाच्या बाबतीत असा दंडक करावा लागावा, यापरते बोलके कागदपत्र त्या सैन्याच्या दप्तरात शोधून सापडणार नाही. पाव आणि मांस यांच्यासाठीची कपात १८७३ मध्ये बंद झाली. सदाचाराबद्दल दिवसाला एक पेनी वाढ देण्याची पद्धत १८३६ पासून होती, पण ती मिळण्यास कित्येक वर्षे निष्कलंक काढावी लागत आणि एका रात्रीच्या दारूने ती जाई.

बराक, म्हणजे शिपायांची सामूहिक निवासाची इमारत, ही या जीवनातील सर्वांत घातक जागा होती. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या अथक पाठपुराव्यामुळे सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने १८५८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा असे उघड झाले की इंग्लंडमध्येच, शांततेच्या काळात, निवडून घेतलेल्या धडधाकट तरुणांच्या पायदळात दरसाल हजारी सतरा-अठरा माणसे मरत होती, आणि त्याच वयाच्या नागरी पुरुषांत हे प्रमाण सुमारे नऊ होते. मारणारा मुख्य रोग फुप्फुसांचा, विशेषतः क्षयाचा, होता. कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागले नाही: पलंगाला पलंग लागून, कित्येक ठिकाणी माणशी तीनशे-चारशे घनफुटांपेक्षा अधिक हवा नसलेल्या खोल्यांत शिपाई झोपत, थंडीमुळे झरोके चिंध्या कोंबून बंद करीत, आणि रात्रभर त्याच खोलीत मुताचे लाकडी पिंप उभे असे. सरकारी तुरुंगातील कैद्याला याहून बरीच अधिक हवा मिळे. आयोगाने माणशी सहाशे घनफुटांची शिफारस केली, नळ व मोऱ्या आल्या, स्वयंपाकघरे सुधारली, आणि शतकाच्या शेवटच्या दशकात स्वदेशातील मृत्युप्रमाण हजारी पाचच्या आसपास उतरले. स्वयंपाकाची सुधारणाही लहान नव्हती. पूर्वी खोलीमागे दोनच तांब्याची भांडी असत, एकात मांस उकडायचे आणि दुसऱ्यात बटाटे, त्यामुळे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उकडलेले मांस आणि त्याचे पाणी एवढेच ताटात येई. आणि दुपारी साडेबाराच्या जेवणानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काहीच मिळत नसे. तिसरे जेवण १८४० नंतरच्या दशकात सुरू झाले.

दिवसाचा क्रम कवायत, पहारा, साफसफाई आणि रिकामपण असा होता. पट्ट्यांना पांढरी खडू-माती फासणे, बटणे घासणे आणि गळ्याभोवती आवळलेल्या ताठ चामडी पट्ट्यात मान न वळवता उभे राहणे यांत सकाळ संपे. हा गळपट्टा १८६० नंतरच्या दशकात गेला तेव्हा त्याच्यासाठी कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. दुपारनंतर करण्याजोगे काही नसे. दमट खोली आणि खिशातले दोन पेन्स यांच्यापुढे बराकीतील कँटीन किंवा फाटकाबाहेरचा गुत्ता हाच आसरा उरे, आणि लष्करी गुन्ह्यांतील मोठा वाटा दारूतून उगवलेला असे.

या गुन्ह्यांची शिक्षा अनेक वर्षे फटक्यांची होती. शिपायाला तिकाटण्याला बांधून, सगळी पलटण चौकोनात उभी करून, नऊ शेपटांच्या आसुडाने उघड्या पाठीवर फटके मारीत, आणि हे काम बहुधा पलटणीतील ढोलवाल्यांकडे असे. १८३६ मध्ये वरिष्ठ लष्करी न्यायालयालाही दोनशेपेक्षा अधिक फटके देण्याची मनाई झाली. १८४६ च्या जून महिन्यात लंडनजवळील हाउन्स्लो येथे सातव्या हुझार घोडदळातील फ्रेडरिक जॉन व्हाइट या शिपायाला दीडशे फटके मारण्यात आले आणि जुलैमध्ये तो मरण पावला. लष्करी डॉक्टरांनी मृत्यूचा फटक्यांशी संबंध नाही असे सांगितले, परंतु मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी टॉमस वेकली हे स्वतः डॉक्टर आणि झुंजार पत्रकार होते. त्यांच्या पंचांनी फटक्यांकडेच बोट दाखवले, वृत्तपत्रांत गदारोळ झाला आणि त्याच वर्षी कमाल मर्यादा पन्नासवर आली. शांततेच्या काळातील फटके १८६८ मध्ये आणि युद्धसेवेतील फटके १८८१ मध्ये बंद झाले. पळून गेलेल्या शिपायाच्या अंगावर सुया आणि शाई यांनी 'डी' हे अक्षर गोंदण्याची चाल १८७१ पर्यंत चालू होती; गुरांना डाग देतात त्याहून ती फारशी वेगळी नव्हती.

लग्नाच्या बाबतीत सैन्याचे धोरण असे होते की शिपायाने शक्यतो ते करू नये. स्वदेशात दर शंभर शिपायांमागे साधारणतः सहा जणांच्या आणि हिंदुस्थानात बारा जणांच्या बायकांना पलटणीच्या पटावर घेतले जाई. पटावरच्या बाईला बराकीत जागा आणि शिपायांचे कपडे धुण्याचे काम मिळे. जागा म्हणजे बहुधा सामाईक खोलीचा एक कोपरा, दोरीवर टाकलेली घोंगडी एवढाच आडोसा, आणि त्या आडोशापलीकडे वीस-पंचवीस पुरुष. तेथेच बाळंतपणे होत आणि तेथेच मुले वाढत. परवानगीवाचून लग्न केलेल्याची बायको सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसे. पलटण परदेशी निघाली की पटावरच्या बायकांतही सोडत होई. टोपीतून चिठ्ठी उचलायची, आणि ज्या चिठ्ठीवर जाण्याची मुभा नसेल ती हाती आलेल्या बाईने मुलांसह धक्क्यावर राहायचे. पुढे तिच्यासमोर गावाकडची धर्मादाय मदत, अनाथ-दरिद्री लोकांचे सरकारी कामघर किंवा रस्ता एवढेच पर्याय असत. हिंदुस्थानात नवरा मेला तर विधवेचा शिधा काही महिन्यांतच थांबे, म्हणून छावणीतील बायका आश्चर्य वाटावे इतक्या लवकर पुनर्विवाह करीत. बाहेरच्या सभ्य समाजाने या घाईला निर्लज्जपणा म्हटले; शिध्याचा हिशेब त्याने पाहिला नव्हता.

बहुसंख्य शिपायांना सक्तीने अविवाहित ठेवल्याचा परिणाम रुग्णालयांच्या नोंदींत उतरला. १८६४ मध्ये ब्रिटनमधील सैन्यात गुप्तरोगांसाठी दर हजारी सुमारे २९० इतक्या दाखल नोंदी झाल्या. उपाय म्हणून १८६४, १८६६ आणि १८६९ मध्ये सांसर्गिक रोगांचे कायदे करण्यात आले. त्यांनुसार ठरावीक बंदरांत आणि छावणीच्या गावांत पोलिसांना ज्या बाईचा संशय येई तिची सक्तीने शारीरिक तपासणी करून तिला रुग्णालयात कोंडून ठेवता येई, पुरुषाला मात्र हात लागत नसे. जोसेफिन बटलर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी चालवलेल्या दीर्घ चळवळीनंतर हे कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. हिंदुस्थानातील छावण्यांत याच धर्तीची व्यवस्था सदर बाजाराच्या कडेला असलेल्या लालबाजारांत चालू होती, आणि तिच्याविरुद्धची ओरड इंग्लंडमध्येच अधिक झाली.

ज्याला त्या काळच्या मराठीत सोजीर म्हणत तो हाच मनुष्य. १८५७ च्या उठावापूर्वी हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. उठावानंतर ती साठ हजारांहून वर नेण्यात आली आणि दोन देशी शिपायांमागे साधारण एक गोरा असे प्रमाण ठरवले गेले, त्यामुळे पायदळाच्या जवळजवळ प्रत्येक पलटणीच्या आयुष्यात हिंदुस्थानची बरीच वर्षे आली. ईस्ट इंडिया कंपनीने स्वतः पोसलेल्या गोऱ्या पलटणी उठावानंतर राणीच्या सैन्यात जशाच्या तशा वर्ग करण्यात आल्या, तेव्हा त्या शिपायांनी हरकत घेतली: आपण कंपनीशी करार केला होता, आपल्याला गुरांसारखे दुसऱ्याच्या दावणीला बांधता येणार नाही, नव्या चाकरीसाठी नवे बक्षीस द्या किंवा मोकळे करा. सरकारने बक्षीस नाकारले आणि १८५९ मध्ये दहा हजारांवर माणसे नोकरी सोडून परत गेली. सैनिकांनी मजुरासारखे वागून आपला करार मालकाच्या तोंडावर वाचून दाखवल्याचे त्या शतकातील हे सर्वांत मोठे उदाहरण होय. जे राहिले त्यांच्यापैकी मुंबईच्या पहिल्या युरोपियन पलटणीला पुढे राणीच्या सैन्यात १०३ वा क्रमांक मिळाला आणि १८८१ मध्ये ती आयर्लंडच्या रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये विलीन झाली.

आफ्रिकेला वळसा घालून येणारा प्रवास चार-चार महिने घेई. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर 'मलबार', 'सेरापिस', 'युफ्रेटिस', 'जमना' आणि 'क्रोकोडाइल' ही पाच सैन्यवाहू जहाजे पोर्ट्समथहून मुंबईला साधारण महिन्याभरात येऊ लागली. हंगाम थंडीचा असे. मुंबईस उतरलेल्या तुकड्या रेल्वेने थळघाट चढून नाशिकजवळच्या देवळाली येथील संक्रमण छावणीत जात आणि तेथून देशभर पांगत. उलट मुदत संपलेले शिपाई जहाजाची वाट पाहत त्याच छावणीत काही न करता पडून राहत. पुण्यात खडकीच्या १८१७ च्या लढाईनंतर उभ्या राहिलेल्या छावणीचा विस्तार वानवडी, घोरपडी आणि खडकी येथील बराकींपर्यंत झाला, आणि आजाऱ्यांना हवापालटासाठी पुरंदर किल्ल्यावर पाठवीत. ज्या किल्ल्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात मुरारबाजीच्या पराक्रमाने कोरले गेले तेथे लँकाशायरचे अशक्त विणकर-पुत्र ताप उतरण्याची वाट पाहत बसले होते.

हिंदुस्थानात आल्याबरोबर सोजिराचे सामाजिक स्थान उलटे झाले. स्वदेशात ज्याला नाट्यगृहाच्या चांगल्या जागी बसू देत नसत त्याच्या दाढीला येथे पहाटे, तो झोपेत असतानाच, न्हावी साबण लावी. भिश्ती पाणी आणी, धोबी कपडे नेई, बबर्ची स्वयंपाक करी, आणि उन्हाळ्यात रात्रभर पंखा ओढणारा मजूर काही आण्यांसाठी जागा राही. हे सगळे एका शिलिंगात परवडे, कारण त्या सेवकांची मजुरी त्याच्याहून कितीतरी कमी होती. शोषित माणसाला दुसरा शोषित हाताखाली मिळाला की काय घडते ते येथे दिसते. झोप लागलेल्या पंखावाल्याला लाथ घालण्याचे प्रकार नित्याचे होते, काही लाथा जीवावर बेतत, आणि गोऱ्या पंचांपुढे बहुधा मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती असे ठरून आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटे. रंगून येथे १८९९ मध्ये वेस्ट केंट पलटणीच्या शिपायांनी एका ब्रह्मी स्त्रीवर केलेला अत्याचार दडपला जात असल्याचे पाहून व्हाइसरॉय कर्झन याने सगळी पलटण एडनला धाडली, तेव्हा हिंदुस्थानातील गोरा समाज कर्झनवरच रुष्ट झाला.

ही सरदारी फार महाग पडे. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयीच्या आयोगाने १८६३ मध्ये दाखवून दिले की, मागील काही दशकांत येथील गोऱ्या सैन्यात दरसाल सरासरी हजारी ६९ माणसे मेली होती, आणि त्यांपैकी लढाईत पडलेले थोडेच होते. पटकी, आव, हिवताप, यकृताचे विकार आणि रोजच्या शिध्यातली रम यांनी कामगिरी बजावली होती. गटारे, पाणी आणि उंच जोत्यांच्या हवेशीर बराकी यांनी शतकअखेर हा आकडा बराच उतरला. विषमज्वर मात्र नव्याने आलेल्या विशी-बाविशीच्या पोरांना गाठत राहिला. सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी सिमल्याजवळ सनावर येथे हेन्री लॉरेन्स यांनी १८४७ मध्ये आश्रम काढला.

युद्ध हे या आयुष्यातील तुरळक प्रकरण होते, आणि तेथेही शत्रूपेक्षा रोग अधिक मारी. क्रिमियात १८५४ ते १८५६ या काळात गेलेल्या सुमारे एकवीस हजार ब्रिटिश सैनिकांपैकी लढाईत किंवा जखमांनी मेलेले एक चतुर्थांशही नव्हते. 'टाइम्स'चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल यांनी तेथील सेवास्तोपोल बंदरापुढील हिवाळ्याची दैना छापून आणल्याने शिपाई प्रथमच मध्यमवर्गीय घरांत सहानुभूतीचा विषय झाला. १८५६ मध्ये स्थापन झालेले व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक हुद्दा न पाहता देण्याचे ठरले, हेही त्याच लाटेचे फळ होय. १८५७-५८ मध्ये दिल्ली आणि लखनौ येथे याच शिपायांनी केलेली लूट व सूडाच्या कत्तली या सहानुभूतीच्या हिशेबात धरल्या गेल्या नाहीत. लुटीची अधिकृत वाटणीही हुद्द्याप्रमाणे होई; सेनापतीला इस्टेट आणि शिपायाला काही पौंड.

युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांनी १८७० पासून केलेल्या सुधारणांनी चाकरीचे रूप बदलले: बक्षिसाची पद्धत गेली, बारा वर्षांच्या करारापैकी सहा वर्षे पलटणीत आणि सहा राखीव दलात काढण्याची सोय झाली, आणि पुढील वर्षी अधिकारपदे विकत घेण्याची प्रथा बंद झाली. यातील शेवटच्या सुधारणेचा साध्या शिपायाला फारसा लाभ नव्हता. अधिकाऱ्याचा पगार भोजनगृहाच्या आणि पोशाखाच्या खर्चाला पुरत नसे, म्हणून घरची मिळकत असलेलाच मनुष्य ते पद पेलू शके. १८८८ मध्ये अधिकारी झालेल्या रॉबर्टसनने हिंदुस्थानातील स्वस्ताईमुळे कसेबसे निभावून नेले. १८८१ मध्ये पायदळाच्या पलटणींचे क्रमांक जाऊन त्यांना परगण्यांची नावे मिळाली. सैन्यातील शाळांनी अनेक अडाण्यांना अक्षरओळख करून दिली, आणि वरची पायरी हवी असणाऱ्याला त्या शाळेचे प्रमाणपत्र लागे. गावात राहिला असता तर ही विद्या त्याला कदाचित मिळाली नसती, हे लष्कराच्या पारड्यात टाकले पाहिजे.

सुटकेनंतर काय, हा प्रश्न अल्पमुदतीच्या चाकरीने अधिक बिकट केला, कारण सहा-सात वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला निवृत्तिवेतन नव्हते आणि धंदाही नव्हता. कॅप्टन एडवर्ड वॉल्टर यांनी १८५९ मध्ये स्थापलेल्या कमिशनेअर दलाने सच्छील माजी सैनिकांना दरवान व हरकाम्या म्हणून कामाला लावले. इतर पोलिसात, रेल्वेत, तुरुंगात किंवा कामघरात गेले. ग्लॉस्टरशायरचा शेतमजूर हेन्री हुक याने १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीतील रोर्क्स ड्रिफ्ट येथे जळत्या रुग्णालयातून आजाऱ्यांना बाहेर काढताना झुलूंशी झुंज दिली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पदकाबरोबर वर्षाला दहा पौंड मिळत. पुढच्याच वर्षी त्याने आपली सुटका विकत घेतली, ब्रिटिश म्युझियममध्ये धूळ झटकण्याचे काम धरले, नंतर तेथे येणाऱ्यांच्या छत्र्या सांभाळल्या, आणि १९०५ मध्ये क्षयाने तो वारला. शीख युद्धांत लढलेला जॉन पिअरमन हा मूळचा लाकूड कापणारा करवत्या. तो परत येऊन बकिंगहॅमशायरच्या पोलिस दलात गेला आणि निवृत्तीनंतर त्याने लिहिलेल्या आठवणींत राजघराणे, पाद्री, जमीनदार आणि परक्यांची भूमी बळकावणारे स्वतःचे सैन्य यांच्यावर सारखेच कोरडे ओढले. त्या आठवणी पूर्ण स्वरूपात छापून निघायला १९८८ साल उजाडले.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने १८९९ मध्ये एकाएकी माणसांची निकड निर्माण केली. पूर्वी भूक जितकी तीव्र तितकी भरती जोरात, हा हिशेब चालत आला होता. आता शहरांच्या दोन-तीन पिढ्यांनी पोसलेली भूक शरीरातच उतरलेली आढळली. मँचेस्टरमध्ये त्या वर्षी नाव देण्यासाठी आलेल्या सुमारे अकरा हजार तरुणांपैकी आठ हजार तपासणीत नापास झाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. दात किडलेले, छाती अरुंद, उंची अपुरी. घेतलेल्यांपैकीही हजारो तेथील ब्लूमफाँटेन शहरातील विषमज्वराने गेले, आणि त्या युद्धात मेलेल्या सुमारे बावीस हजार सैनिकांतील बहुसंख्य पुन्हा रोगानेच मेलेले होते. या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आंतरखातीय समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला, आणि १९०६ मध्ये गरीब विद्यार्थ्यांना शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. १९०७ मध्ये शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक झाली.